मोबाइल धरणारा नवरा

गाजत असलेल्या गाण्यावर बायको, मेहुणी, भावजय किंवा सोसायटीतल्या चारजणी नाचत असताना समोर उभे राहून त्यांचे चित्रण करणारा विवाहित पुरुष म्हणजे मोबाइल धरणारा नवरा. हा स्वतः नाचत नाही, गात नाही आणि चित्रात कुठे दिसत नाही. तरीही गेल्या पाच-सहा वर्षांत नाचाच्या ट्रेंडवर बसून जी गाणी घरोघर पोचली, त्यांतले एकही याच्या मनगटाला कळ लागल्याशिवाय पोचलेले नाही. गोंधळात दिवटी धरणाऱ्याचे जे स्थान, तेच याचे. फरक एवढाच की दिवटीवाल्याला कोणी ‘अंधार आला’ म्हणून झापत नाही.

हा प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र सापडतो. हळदीचे हॉल, सोसायटीची गच्ची, मंगळागौरीची दुपार, नवरात्रातल्या नऊ रंगांपैकी कोणत्याही रंगाचा दिवस आणि फुलांच्या दिवसांतले कास पठार ही याची दाट वस्तीची ठिकाणे. ओळखण्याची खूण सोपी आहे. एका हातात बायकोचा मोबाइल, दुसऱ्या खांद्यावर बायकोची पर्स, बगलेत कोणाचे तरी पोर आणि चेहऱ्यावर रांगेत आपला नंबर कधी येणार ते विचारायचे सोडून दिलेल्या माणसाची शांती. स्वतःचा मोबाइल खिशातच असतो, कारण त्याचा कॅमेरा ‘काही कामाचा नाही’ हे घरात केव्हाच ठरलेले असते.

याचा पूर्वज रोलच्या कॅमेऱ्याचा मालक. एका रोलमध्ये 36 फोटो निघत आणि रोल धुवायला पैसे पडत, त्यामुळे फोटो कधी काढायचा हे तो ठरवी. ‘हलू नका’ असे घरातल्या सर्वांना, सासूबाईंनासुद्धा, सांगण्याचा अधिकार त्याला होता. नाचाचे वेड तेव्हाही होते, पण ते गाण्याच्या एकाच व्हिडिओभोवती फिरे. साय या दक्षिण कोरियाच्या गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ जुलै 2012 मध्ये आले आणि डिसेंबर संपायच्या आत यूट्यूबवर 100 कोटी वेळा पाहिले गेलेला तो पहिला व्हिडिओ ठरला. पुढे तो आकडा यूट्यूबच्या मोजणीयंत्राच्या 2,14,74,83,647 या मर्यादेला जाऊन भिडला आणि 2014 मध्ये कंपनीने ती मर्यादाच वाढवली. त्या काळात नवरा प्रेक्षक होता. फार तर वरातीत टाय डोक्याला बांधून तो स्वतःच त्या गाण्यातली घोडेस्वारीची उडी मारी आणि दुसऱ्या दिवशी कंबर शेकत बसे.

29 जून 2020 रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि आठवडा-दीड आठवड्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केल्या. टिकटॉकवर नाचणारी मंडळी वेगळी होती. मध्यमवर्गीय घरे त्यांना नाके मुरडत असत आणि चोरून पाहत असत. रील मात्र ज्या अ‍ॅपवर भाचीच्या बारशाचे फोटो होते, त्याच अ‍ॅपवर आली. त्यामुळे नाके मुरडण्याची सोय राहिली नाही. शिवाय गाण्याचे नशीब आता एका व्हिडिओवर अवलंबून उरले नाही. कोणी एका गाण्याच्या तुकड्यावर चार सोप्या हालचाली बसवतो, दुसरा त्याच ऑडिओवर तशाच करतो, अ‍ॅप तो ऑडिओ आणखी लोकांपुढे ठेवते आणि लाखो लहान व्हिडिओंच्या खांद्यावरून मूळ गाणे वर चढते. लाखो व्हिडिओ म्हणजे लाखो वेळा कोणीतरी मोबाइल धरणे आले. नवऱ्याची प्रेक्षकपदावरून कामगारपदावर बदली झाली ती इथे. तिचा आदेश निघाला नाही आणि त्याला विचारलेही नाही.

गाण्याच्या तुकड्यावरच्या या चार हालचाली, म्हणजे हुक स्टेप, बहुधा कमरेच्या वर घडतात. याला कारण कला नसून चौकट आहे. उभ्या मोबाइलची चौकट अरुंद असते. तिच्यात तीन बाया ऐसपैस मावतात, चौथीचे कोपर कापले जाते. चौथी कोण, यावर त्या रीलचे आणि पुढच्या महिन्याभराचे भवितव्य ठरते. नणंद कापली गेली तर चूक अनवधानाची होती यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. म्हणून अनुभवी नवरा आधीच दहा पावले मागे जातो, पाठीमागच्या केटररच्या टेबलाला टेकतो आणि तिथून ‘बसतंय, बसतंय’ असे सांगतो. जमिनीवरच्या स्टेप त्याला वर्ज्य आहेत. ‘बार बार देखो’ या 2016 च्या चित्रपटातले ‘काला चश्मा’ 2022 मध्ये नॉर्वेच्या क्विक स्टाइल या नृत्यसंघाने एका लग्नात जमिनीवर आडवे होऊन गाजवले, तेव्हा नाचणारे तरणेबांड होते. इकडे तोच प्रयोग झाला, तेव्हा आडव्या झालेल्यांच्या उंचीला मोबाइल नेण्यासाठी उकिडवा बसलेला नवरा उठताना आधार मागत होता.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे पाहायचे तर हळदीचा हॉल पाहावा. चित्रण हळद लागण्याआधी उरकायचे असते, कारण पिवळे गाल रीलमध्ये चालतात पण पिवळी झालेली साडी चालत नाही. गुरुजी घड्याळाकडे बघत बसलेले असतात. स्टेप शिकवणारी मेहुणी ‘उजवा हात आधी’ असे बजावते. तिने ती मोबाइलसमोर बसून शिकलेली असल्याने समोरच्या पडद्यावरचा उजवा आणि आपला उजवा यांत घोळ असतो. निम्म्या बायका डावीकडे जातात, निम्म्या उजवीकडे, मधल्या दोघींची टक्कर होते. तो पहिला टेक. दुसरा चांगला चाललेला असतो, तोच केटररचा पोऱ्या वड्यांचा ट्रे घेऊन मधून जातो आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसतोसुद्धा. तिसरा टेक अप्रतिम होतो. सगळ्या टाळ्या पिटत मोबाइलकडे धावतात आणि तेव्हा उघडकीस येते की नवऱ्याने लाल बटण उलट्या क्रमाने दाबले आहे. नाच सुरू होताना चित्रण बंद झाले, नाच संपल्यावर सुरू झाले. हाती आलेल्या चित्रफितीत हॉलची फरशी आणि नवऱ्याच्या कोल्हापुरी चपला आहेत, 4के दर्जात, अतिशय स्पष्ट.

यानंतर काय होते ते संबोधनांवरून मोजता येते. पहिल्या टेकआधी ‘अहो, ऐका ना’ असते. दुसऱ्याला नुसते ‘अहो’. तिसऱ्यानंतरचा ‘अहो’ हॉलच्या दारापर्यंत ऐकू जातो. चौथ्याला संबोधनच नसते. बोलणे मेहुणीशी सुरू होते, ‘यांना ना, एक काम सांगायची सोय नाही’. पाचव्याला ‘तुमच्या घरातच कोणाला हौस नाही’ हे वाक्य येते आणि कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई श्रवणयंत्राशिवाय ते बरोबर ऐकतात. ज्या जोडप्यांत नवऱ्याला नावाने हाक मारतात, तिथे टेकच्या चढत्या क्रमाने आधी लाडाचे नाव, मग पाळण्यातले नाव आणि शेवटी आडनावासकट पूर्ण नाव असा प्रवास होतो.

गाण्याबद्दलचे या माणसाचे ज्ञान विलक्षण आहे. रील्सची मर्यादा सुरुवातीला 15 सेकंदांची होती, पुढे 90 सेकंद झाली, 2025 मध्ये तीन मिनिटांवर गेली. नाचाचा तुकडा मात्र अर्ध्या मिनिटापलीकडे सहसा जात नाही. तो तुकडा नवऱ्याने एका सकाळीच इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातला ढोलकीचा ठेका कुठे पडतो, श्वास कुठे घेतला आहे, हे त्याला गायकाइतके ठाऊक असते. त्या तुकड्याच्या आधी आणि नंतर गाणे आहे, याची मात्र त्याला कल्पना नसते. गाडीत रेडिओवर दुसरे कडवे लागले तर ‘हे कुठलं गाणं?’ असे तो मनापासून विचारतो.

या अज्ञानाचा सर्वांत मोठा बळी म्हणजे ‘गुलाबी साडी’. जळगाव जिल्ह्यातून आलेला गायक संजू राठोड आणि त्याचा संगीतकार साथी जी-स्पार्क यांचे हे गाणे 2024 च्या सुरुवातीला आले. त्यामागे मोठा चित्रपट नव्हता, नट-नट्यांची फौज नव्हती. लोकांनी त्यावर रील केल्या, साड्यांच्या दुकानांत गुलाबी रंग मागितला जाऊ लागला, माधुरी दीक्षितने त्यावर ठेका धरला आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावरही ते झळकले. मराठी न कळणाऱ्यांनीही त्यावर नाच केला. आता या गाण्याचा आशय पाहावा. गुलाबी साडी नेसून नटलेली नायिका आपल्या राजाला सांगते आहे की मी भारी दिसते आहे, तेव्हा माझा फोटो काढ. म्हणजे ज्या गाण्यावर महाराष्ट्रातल्या बायका नाचल्या, ते सबंध गाणे समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या माणसाला उद्देशून होते. लावणीत आणि भावगीतात प्रियकराने चंद्र आणावा, शालू आणावा, निदान भेटायला तरी यावे अशी अपेक्षा असे. इथे त्याने नुसते बटण दाबायचे होते. अख्ख्या मराठी गीतवाङ्मयात नवऱ्याच्या आवाक्यातली एवढी माफक मागणी दुसरी सापडणे कठीण. पण त्या वेळी त्याचे लक्ष बॅटरीच्या टक्क्यांकडे असल्याने आपल्यालाच हाक येते आहे हे बहुतेकांच्या लक्षात आले नाही.

उपप्रकार थोडे आहेत. धाकटा दीर हा कसबी असतो, कॅमेरा फिरवत जवळ येतो, मागे जातो, पण तासाभराने मित्रांबरोबर नाहीसा होतो. मैत्रिणीचा नवरा जास्त आज्ञाधारक, कारण त्याला परक्या ठिकाणी ‘नाही’ म्हणता येत नाही; त्याची स्तुती ऐकून घरचा नवरा सुधारेल अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. ट्रायपॉड हा या वर्गाचा प्रतिस्पर्धी मानला जातो. तो थकत नाही आणि चपलांचे चित्रण करत नाही. पण वाऱ्याने पडतो, ‘पदर नीट कर’ असे सांगत नाही आणि रील बिघडली तर त्याच्यावर चिडून समाधान होत नाही. म्हणून तो विकत घेतलेल्या घरांतही पलंगाखाली पडून असतो.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत हाच माणूस सदऱ्यावर जाड कोट घालून पार्किंगमध्ये उभा असतो आणि थंडीमुळे रील दोन टेकांत आटोपते. सवाष्णींना तिकडे पाठवण्याचे हे कारण पुरेसे आहे असे इकडचे काही नवरे म्हणतात, अर्थात हळू आवाजात.

रील चढवताना खाली सगळ्यांची नावे जोडली जातात: साडीचे दुकान, मेकअप करणारी, केसांत गजरा माळणारी, हॉलचा मालक. मोबाइल धरणाऱ्याचे नाव नसते. त्याने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. उलट रात्री अंथरुणात पडल्यावर तीच रील तो आठ-दहा वेळा पाहतो, व्ह्यूजचा आकडा वाढवतो आणि ‘प्रकाश जरा कमी पडला’ असे मत देतो.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या चालल्या असतील आणि कुठून तरी तेच ते अर्धे मिनिट पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल, त्याने कॅमेऱ्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसून ठेवावी, मोबाइलमध्ये जागा शिल्लक आहे ना ते पाहावे, आणि लाल बटण दाबल्यावर सेकंदांचे आकडे पळू लागल्याची खात्री झाल्याशिवाय ‘हं, करा सुरू’ म्हणू नये.