बाबांना लेमरला कधी नेणार?

मार्च लागला की नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत बॅगा वजनकाट्यावर चढतात. मुलगा नेदरलँड्समध्ये, मुलगी जर्मनीत आणि आई-बाबा तिकडचा वसंत गाठायला निघालेले. गोडा मसाला, भाजणी, कोंडाजीचा चिवडा. तूप आणि पेढे मात्र बाहेर काढायचे, कारण युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मुलानं हे फोनवर पुन्हा पुन्हा बजावलेलं असतं.

विचारलेलं नसतं ते एवढंच : तुम्हाला तिथे काय बघायचंय?

शेंगेन व्हिसा म्हणजे १८० दिवसांत फार तर ९० दिवस. मोठ्या माणसाला फी ९० युरो, वर किमान ३०,००० युरोंचा विमा, शिवाय विमानाचं भाडं. एवढा खर्च केल्यावर तो वसूल व्हायलाच हवा, असं मुलाला वाटतं. मग वेळापत्रक तयार होतं. शनिवारी ब्रसेल्स, रविवारी पॅरिस, ईस्टरच्या सुट्टीत स्वित्झर्लंड.

आणि सोमवार ते शुक्रवार? नातू सांभाळायचा.

नातवासाठी आजी-आजोबा आनंदानं जातात, त्यात वावगं काहीच नाही. पण पाच दिवस घर आणि दोन दिवस धावपळ, यात पाहुणचार नेमका कुठल्या वारी झाला?

पहिला मुक्काम ठरलेला. लिस गावचं क्युकेनहॉफ. १९५० पासून लोकांसाठी खुली असलेली ही बाग, ३२ हेक्टर जागा, दर वर्षी हातानं लावलेले सुमारे ७० लाख कंद. बाग उघडी असते मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे. बघावी अशीच आहे. पण नाशिकचा ३८-४० अंशांचा एप्रिल सोडून आलेल्या माणसाला तिथले दहा-बारा अंश आणि बोचरं वारं म्हणजे वसंत वाटत नाही. ट्युलिपच्या वाफ्यापुढे बाबा उभे असतात. अंगात मुलाचं जाकीट, बाह्या बोटांच्या पुढे आलेल्या, नाक लाल. 'बाबा, हसा ना!'

आधी कुठेतरी गरम चहा पाजा. मग हसतील.

आईची तऱ्हा निराळी. तिला रोज बाहेर पडायचं असतं, पण मुलगा म्हणतो, 'एकटी जाऊ नकोस, हरवशील.' एकलहऱ्याहून बसनं नाशिकरोडला जाऊन, बाजार करून, दोन पिशव्या सांभाळत परत येण्यात जिचं आयुष्य गेलं, ती हरवेल? जिथे थांब्याथांब्यावर पाटी आहे, ट्रामची वेळ लिहिलेली आहे, तिथे? आता तर साधं बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की ट्राममध्ये बसता येतं. एक कार्ड तिच्या हातात द्या आणि दार उघडा.

ती थेट सुपरमार्केटमध्ये जाईल. एप्रिलपर्यंत तिथे भारतातली द्राक्षं असतात. आपल्या निफाड-दिंडोरीचा माल रॉटरडॅम बंदरातून युरोपभर जातो. डब्यावरची किंमत वाचून ती मनातल्या मनात रुपये करेल, शेतकऱ्याच्या हाती त्यातलं किती पडलं असेल याचा हिशेब मांडेल आणि संध्याकाळी त्यावर तावातावानं बोलेल. ब्रसेल्सच्या चौकाबद्दल ती कधी इतकं बोलली होती?

आता बाबा. ते वीज बोर्डात होते. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र, कोळसा, राख, बॉयलर, रात्रपाळ्या. १४० मेगावॅटचे जुने दोन संच बंद झाले, २१० चे तीन राहिले. नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणारा हा माणूस. त्याला आयफेल टॉवरखाली रांगेत ताटकळत का ठेवायचं?

नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात लेमर नावाचं गाव आहे. तिथे वाउडा पंपिंग स्टेशन आहे. वाफेवर चालणारं आणि आजही चालू असलेलं, त्या प्रकारचं जगातलं सर्वांत मोठं. १९२० मध्ये राणी विल्हेल्मिनानं त्याचं उद्घाटन केलं. १९६७ पर्यंत बॉयलरला कोळसा लागायचा, मग तेल आलं. १९९८ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं. आणि ते नुसतं संग्रहालय नाही. पाऊस फार झाला, पाणी चढलं, की अजूनही बॉयलर पेटवून पाणी उपसलं जातं.

बाबांना तिथे सोडा आणि बघा. प्रेशर किती, पाणी कुठलं घेता, शिफ्टला माणसं किती, असे प्रश्नांवर प्रश्न. वाटाड्या डच माणूस खुलेल. दुभाषा होणाऱ्या मुलाला बापाची नोकरी पहिल्यांदाच नीट कळेल. ज्या पगारावर तो शिकला, त्यासाठी बाप रात्रपाळीत नेमकं काय करत होता, हे कधी विचारलं होतं त्यानं?

नातेवाइकांच्या ग्रुपवर लेमरचा फोटो टाकला तर कुणी ओळखणार नाही, हे खरं. म्हणून न्यायचं नाही?

ॲमस्टरडॅमहून लेमर गाडीनं सव्वा-दीड तास. पॅरिस पाच-सहा तास, आणि तेही वाटेत वाहतूक तुंबली नाही तर. पुढच्या सुट्टीला लेमरलाच जा. नातवालाही सोबत घ्या. एवढाली चाकं बघायला त्याला ट्युलिपपेक्षा नक्की जास्त आवडेल.