अभ्यासक्रमाबाहेरच्या अळ्या

लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये 'नीट'साठी घासून निघालेल्या मुलाला डासाचे जीवनचक्र तोंडपाठ असते. घरामागच्या रांजणातल्या अळ्या मात्र अभ्यासक्रमाबाहेर. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणाव्या लागलेल्या लातुरात साठवणीचे पाणी झाकायला शिकवणे हे खरे तर पूर्णवेळ, पगारी काम. ते आशाताईंच्या गळ्यात आहे. पगार नाही, मानधन, कारण सरकारदरबारी त्या स्वयंसेविका. कोणी म्हणेल, आधी डॉक्टर तर पुरेसे होऊ द्या! पण स्वतः डॉक्टर असलेल्या आरोळे दांपत्याने 1970 साली जामखेडला काम मांडले आणि गावातल्या अल्पशिक्षित बायांनाच आरोग्याचे धडे देऊन बालमृत्यू खाली आणले. आता आरोग्याच्या धड्यांच्या या विषयालाही एक प्रवेशपरीक्षा आणि भरमसाट फी लावून पाहावी. पालक आपोआप रांगा लावतील.