कापलं!

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊ, कुठे नुसतंच काका. आज टीव्हीवर कुठला जुना चित्रपट लागणार आहे, हे आपण न विचारता आपल्याला सांगणं हे त्यांचं जीवितकार्य. तुमच्याकडेही असतील, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही.

आमच्या नानांनी या कामासाठी जिन्याखालचा फळा बळकावला आहे. सोसायटीनं तो सूचनांसाठी लावला होता. पूर्वी त्यावर रोज एक सुविचार असायचा. तो पुसला गेला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही, यावरून तो किती वाचला जात होता ते कळतं. आता सकाळी दूधवाला येण्याच्या आत नाना खडू घेऊन हजर. ‘आज : कुंकू (१९३७). शांता आपटे, केशवराव दाते. दु. १२. सुरुवात चुकवू नये.’ उरलेल्या कोपऱ्यात सेक्रेटरींनी पाण्याचं काय ते लिहायचं. एकदा दोन्ही मजकूर एकमेकांत घुसले आणि फळ्यावर असं झळकलं : ‘उद्या दिवसभर पाणी येणार नाही. दो बिघा जमीन. डोळ्यांत पाणी येईल.’ नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूंनी सेक्रेटरींना गाठून विचारलं, की नक्की येणार आहे की नाही?

‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘सूर्यवंशम’ फळ्यावर कधी येत नाहीत. म्हणजे नानांना ते आवडत नाहीत असं नाही. “ते सांगायला कशाला हवेत? टीव्ही लावला की तेच असतात,” असं त्यांचं म्हणणं. नानांची शिफारस हवी असेल तर चित्रपटानं थोडं दुर्मीळ असावं लागतं, अडचणीच्या वेळी लागावं लागतं, आणि शक्यतो त्यातलं कुणी आता हयात नसावं.

इथपर्यंत ठीक होतं. फळा वाचायचा, मान डोलवायची, कामाला जायचं. पण माझा ब्लॉक नानांच्या समोर, आणि नानांचं दार दिवसभर उघडं. “अरे, ‘शेजारी’ लागलाय आणि शेजारीच नाही, हे काय? ये, बस.” गेल्यावर पाहिलं तर नानांचं लक्ष पडद्याकडे कमी आणि मनगटावरच्या घड्याळाकडे जास्त. मांडीवर किराणा दुकानात असते तशी लांबडी वही. तिच्यात तीन रकाने : मूळ लांबी, दाखवली, खाल्ली. तिसरा रकाना लाल शाईत. जाहिराती लागल्या की नाना घड्याळ बघतात, संपल्या की पुन्हा बघतात, काहीतरी पुटपुटतात, आणि मग एकाएकी मांडीवर थाप मारून ओरडतात, “कापलं!”

पहिल्यांदा मी दचकून नानांच्या बोटांकडे बघितलं. नानी शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या.

तर, चित्रपटवाहिन्या चित्रपट कापतात. जाहिरातींना जागा हवी आणि पुढचा कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायला हवा, म्हणून कधी एखादं गाणं जातं, कधी अख्खा प्रसंग. तुम्हाआम्हाला ते कळत नाही. मघाशी भांडलेले दोघे आता एकत्र जेवायला बसलेले दिसतात आणि आपण समजून घेतो, की मिटलं असेल. नाना समजून घेत नाहीत. मूळ ‘मुघल-ए-आझम’ १९७ मिनिटांचा आहे ना? मग त्यातलं एक मिनिटही कुणाच्या बापाचं नाही.

तक्रार करून थांबतील तर ते नाना कसले! जे कापलं ते ते स्वतः करून दाखवतात. दंतमंजनाच्या जाहिरातीत नाना कोचावर उभे राहून पृथ्वीराज कपूर होतात, दिवाणावर येऊन दिलीपकुमार होतात आणि टीपॉयच्या आडून दुर्गा खोटेंची घालमेल दाखवतात. मधुबालाचं काम नानींनी करावं अशी त्यांची फार इच्छा, पण नानींनी लग्नानंतर लगेचच या बाबतीत नकार कळवलेला आहे. ‘पिंजरा’च्या दिवशी तर त्यांनी संध्याबाईंची एक गिरकीसुद्धा घेतली. आतून फक्त “गुडघा!” असा आवाज आला आणि मास्तर श्रीराम लागूंचं पतन नानांनी खुर्चीत बसून पुरं केलं.

यात एक तांत्रिक अडचण आहे. जाहिराती तीन मिनिटं चालतात आणि नानांचा प्रसंग पाच मिनिटं. म्हणजे नाना कापलेलं दाखवत असताना तिकडे न कापलेलं निघून जातं. नानी सांगतात, “अहो, पुरे, तिकडे सुरू झालं.” नाना हात वर करून त्यांना थांबवतात, कारण अनारकलीला अजून अटक व्हायची असते. मग आमचं जे बुडालं ते पुढच्या जाहिरातीत करून दाखवणं आलं. त्यात आणखी दोन मिनिटं बुडतात. संध्याकाळ होता होता पडद्यावरचा चित्रपट आणि नानांचा चित्रपट यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. मी माणूस म्हणून तसा बरा आहे, पण अशा एका दुपारी अकबरानं दोघांनाही भिंतीत चिणावं असं मला मनापासून वाटलं होतं.

पुढे पुढे ही सवय टीव्हीबाहेर सांडायला लागली. पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. मामा मुलीला घेऊन निघाला आणि पुढच्या क्षणी अंतरपाट दूर झालेला. “कापलं! मंगलाष्टकं कुठायत?” व्हिडिओवाला बिचारा फोनवर गयावया करत होता. तळमजल्यावर सत्यनारायण होता. गुरुजींना पुढे आणखी दोन पूजा होत्या, तेव्हा त्यांनी तिसऱ्या अध्यायावरून सफाईनं पाचव्यावर उडी मारली. आम्ही हात जोडून, प्रसादाच्या वासावर लक्ष ठेवून बसलेलो. मागून आवाज आला, “कापलं!” गुरुजी थांबले. नाना म्हणाले, “चौथा अध्याय राहिला. साधुवाण्याची नौका बुडालीच नाही.” गुरुजी म्हणाले, “शेवटी ती वर येतेच हो.” नाना म्हणाले, “बुडाल्याशिवाय वर कशी येईल?” ह्याला शास्त्रात उत्तर नसावं. गुरुजींना मागे जाऊन नौका बुडवावी लागली. शिरा गार झाला.

नानांच्या लेखी सगळ्यात मोठी कापाकापी ‘शोले’ची. १९७५ साल, आणीबाणी चाललेली. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो असा शेवट चित्रित झालेला होता. सेन्सॉरला तो मान्य नव्हता, म्हणून ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात असा नवा शेवट जोडला गेला. हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण नाना ते अशा आवाजात सांगतात, जणू कुणीतरी आत्ताच येऊन त्यांच्या ताटातली पोळी उचलून नेली. “आणि ‘आलम आरा’?” असं मी एकदा गंमत म्हणून विचारलं. विचारायला नको होतं. १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक सिनेमा, भारतातला पहिला बोलपट, आणि आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. जुन्या फिती जाळून-वितळवून त्यातली चांदी काढत असत, तसं त्या काळच्या कितीतरी चित्रपटांचं झालं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा उरलाय तो तुकड्यांत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. नानांनी वही उघडली. ‘आलम आरा’पुढे ‘दाखवली’ या रकान्यात शून्य होतं आणि ‘खाल्ली’ या रकान्यात लाल शाईत एकच शब्द : सगळी.

हे सगळं आता फोनवर कधीही बघता येतं, असं सोसायटीतली पोरं नानांना सांगून थकली. नानांना ते पटत नाही. “कधीही बघता येतं म्हणून तुम्ही बघता का?” असं ते विचारतात आणि पोरं फोनमध्ये तोंड घालतात. खरं तर आमचंही काही वेगळं नाही. फळ्यासमोर उभं राहून “वा नाना, ‘रामशास्त्री’! आज बघतोच!” असं म्हणणारे आम्ही सगळे दुपारी बाराला कुठे असतो? जुन्या मराठी चित्रपटांवरचं आमचं प्रेम जिन्याखाली सुरू होतं आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत टिकतं. ‘संत तुकाराम’चा व्हेनिसला गौरव झाला होता हे सांगताना छाती फुगवायची, आणि तो पाहिलाय का म्हटलं की, “लहानपणी, थोडासा.”

त्या ‘संत तुकाराम’वरूनच पुढचं घडलं. आषाढीला तो कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर लागतो. फळ्यावर विठोबाचं चित्र काढून नानांनी वेळ लिहिली होती. प्रभातचा, १९३६चा, दामले-फत्तेलालांचा. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आहेत, पण माझं विचाराल तर चित्रपट खाल्लाय तो गौरीनं, म्हणजे जिजाईनं. पोरगं आजारी, घरात दाणा नाही, आणि ही बाई पायताण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, हिलाही चल म्हणतात. ही जात नाही. घर कोण बघणार? गरुड तुकोबांना घेऊन आभाळात जातो, ही खाली उभी राहून बघते, आणि चित्रपट संपतो.

नानांच्या घरी मात्र संपला नाही. “कापलं!” नाना उठले. “इथे खरा शेवट आहे.” आणि त्यांनी तो करून दाखवला. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. जिजाई घरी येते. पोरांना जेवायला वाढते. मग सवयीनं तुकोबांचंही ताट वाढते, त्यावर दुसरं ताट झाकण ठेवते, आणि म्हशीला पाणी दाखवायला बाहेर जाते. बस्स. नानांनी टीपॉयवरच्या बशीवर दुसरी बशी इतक्या बेतानं ठेवली, की तिचा आवाजसुद्धा झाला नाही. मला त्यांचा अकबर आवडत नाही, दिलीपकुमार तर सहन होत नाही. ही जिजाई मात्र मला फार आवडली.

इतकी आवडली, की मी तो प्रसंग शोधायला गेलो. यूट्यूबवर अख्खा चित्रपट बघितला. शेवट पुन्हा पुन्हा मागे नेऊन तपासला. तो प्रसंग कुठे नाहीच. तुकोबा जातात आणि संपतं. दुसऱ्या दिवशी मी नानांना लिफ्टमध्ये पकडलं. आता चोर हातात सापडला होता.

“नाना, मूळ चित्रपटात ते ताट नाहीये.”

“कुठे बघितलास?”

“यूट्यूबवर. पूर्ण.”

नानांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. “तिथेही कापलंय,” म्हणाले आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले. राहतात चौथ्यावर.

खरं काय ते नानींकडून कळलं. नानांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. अख्ख्या मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात. पोरं त्यांच्या दारात आणि उंबऱ्यात दाटीवाटीनं बसायची. मध्ये बातम्या लागायच्या. बातम्या लागल्या की त्या घरची पानं मांडली जायची आणि पोरांना “जा आता” असं सांगण्यात यायचं. नानांनी लहानपणी पाहिलेले बहुतेक चित्रपट बातम्यांपर्यंतचे आहेत. पुढचं काय झालं हे ते घरी येऊन आईला विचारायचे. आईनं तरी कुठे पाहिलेला असायचा! ती चुलीशी भाकऱ्या थापता थापता पुढचं सांगायची, आणि नाना तेच खरं धरून सोमवारी शाळेत सांगायचे. वडील गिरणीत रात्रपाळीला. त्यांचं ताट ती झाकून ठेवायची, ते सकाळी येऊन जेवायचे.

त्यामुळे नानांचे सगळे चित्रपट अर्धे टीव्हीवरचे आणि अर्धे आईचे आहेत. कुठे सांधा आहे ते आता त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही. जिजाईच्या घरी तेवढा तो दिसतो.

नानांची नाटकं सहन करण्याच्या पलीकडची आहेत हे माझं मत अजूनही कायम आहे. सत्यनारायणाला त्यांना बोलावू नये हेही. पण शेवटांच्या बाबतीत नानांची आई दामले-फत्तेलालांच्या पंगतीला बसवण्यासारखी होती, असं मी आता चारचौघांत सांगतो. तुम्हालाही पडताळून बघायचं असेल तर ‘संत तुकाराम’ यूट्यूबवर आहे, फुकट आहे, अख्खा आहे. बघा. फक्त मी सांगितलं म्हणून नानांना कळू देऊ नका.