मधला मजला, मधली खोली

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे. जवळचा समुद्र म्हणजे चेन्नई किंवा मंगळूर, दोन्ही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणूनच की काय, जहाजांबद्दल सर्वांत ठाम मतं असलेली माणसं या शहरात सापडतात. आमच्या ऑफिसात क्रूझवर जाऊन आलेले लोक दोन फोटो दाखवून गप्प बसतात, न गेलेले तासभर बोलतात. त्यातही मी तज्ज्ञ गणला जायचो. माझा विषय होता ‘शांत केबिन कशी निवडावी’.

या विषयाची गोडी मला बंगळूरनेच लावली. (इथला मराठी माणूस दुसऱ्याच वाक्यात शहाजीराजांच्या जहागिरीवर घसरतो, म्हणजे आपण १६३८ पासूनचे, भाडेकरू नव्हे, असं सुचवता येतं. मी स्वतःला आवरतो आणि थेट सर्जापूर रोडवर येतो.) आमची झोपायची खोली सोसायटीच्या मागच्या गेटावर आहे. पहाटे तिथे पाण्याचा टँकर येतो. तो सरळ येत नाही, उलटा येतो, आणि उलटा येताना सगळ्यांना सांगत येतो. मग त्याचा पंप सुरू होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात अर्ध्या शहराच्या बोअरवेल कोरड्या पडल्या, तेव्हा टँकरची संख्या वाढली आणि शेजारच्या प्लॉटवर रात्री बोअरिंगची गाडी येऊन उभी राहिली. हजार फुटांखालच्या पाण्याला हाका मारल्यासारखी ती ओरडायची.

मी फोनवर आवाज मोजायचं अॅप घेतलं. खिडकी बंद ठेवून ५१ डेसिबल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ ची मर्यादा आहे. नियमाची छापील प्रत घेऊन मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी ती नीट वाचली, घडी करून परत दिली आणि विचारलं, “नीरु बेका, निद्दे बेका, सार?” पाणी हवंय की झोप? मी पाण्याला मत दिलं. “मग स्वल्प अॅडजस्ट माडी,” ते म्हणाले. बंगळूरचा हा मंत्र कानावर पडला की वाद संपतो आणि आपण हरलेलो असतो.

आमच्याच मजल्यावर एनएएल या विमान-संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. कोडिहळ्ळीतल्या त्या संस्थेत एक प्रचंड ध्वनिकक्ष आहे. उड्डाणाच्या वेळचा गडगडाट सोसेल की नाही हे पाहण्यासाठी उपग्रह आणि रॉकेटचे भाग तिथे नुसत्या आवाजाने झोडपतात. अशा माणसाला टँकरचं काय वाटणार? ते गाढ झोपतात. पण त्यांनी मला दीक्षा दिली. आवाज दोन जातींचा असतो, हवेतून येणारा आणि ढाच्यातून येणारा. पहिला दार लावलं की थांबतो, दुसरा दारातूनच येतो. तो पकडायचा असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. जुने मोटार मेकॅनिक इंजिनचं दुखणं असंच शोधतात. “जहाज म्हणजे जोडलेलं पोलाद,” काका म्हणाले, “तिथे सगळं ढाच्यातूनच.”

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप करून परत येणाऱ्या एका जहाजाचं बुकिंग करायचं ठरलं, तेव्हा मी जहाजाचे नकाशे छापून जेवणाच्या टेबलावर पसरले. शास्त्र सोपं आहे. नाकाजवळची केबिन नको, तिथे नांगराची साखळी असते. शेपटीकडची नको, तिथे पंखे पाणी घुसळतात. फार खालची नको, तिथे इंजिन. पोहण्याच्या तलावाखालची तर नकोच, कारण पहाटे खुर्च्या ओढतात. लिफ्टजवळ नको, शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली नको. मधला मजला, मधली खोली, आणि वरखाली दोन्हीकडे केबिनच हव्यात, कारण झोपलेल्या माणसाइतका शांत शेजारी नाही. मी एक्सेलमध्ये प्रत्येक मुद्द्याला गुण दिले. बायकोने येताजाता एकदा विचारलं, “आपण फिरायला चाललोय की जहाज विकत घेतोय?”

सर्वाधिक गुण मिळालेल्या केबिनच्या एका बाजूला नकाशात पांढरा चौकोन होता. त्यावर नाव नाही, नंबर नाही. शेजारी कोणीच नाही, या आनंदात मी तिला वरकड पाच गुण दिले.

आमच्याबरोबर अण्णा होते, माझे वडील, मूळचे मालवणचे. त्यांचा जहाजाशी संबंध माझ्यापेक्षा जुना आणि एक्सेलविना. तरुणपणी ते भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’ने गावी जायचे. डेकचं तिकीट, वळकटी, शेजारी कोणाची तरी कोंबडी. मालवणला बोट समुद्रातच उभी राहायची आणि पडावात उतरून किनारा गाठायचा. केबिनच्या आवाजाबद्दल त्यांचं काही मत नव्हतं, कारण केबिन नव्हती. बॅलार्ड पिअरहून आमचं जहाज हललं तेव्हा जमिनीखालून एक घरघर वर आली आणि ग्लासातला चमचा वाजायला लागला. मी उत्साहाने सांगितलं, “अण्णा, हा बो थ्रस्टर. नाकाखाली आडव्या बोगद्यात पंखा असतो, धक्क्यापासून बाजूला सरकायला.” अण्णा म्हणाले, “बरां.” मग थोडं थांबून, “इंजिन वाजता हा तवसर बरां रे झिला. गप झाला काय भियाचा.” हे बोलून त्यांनी कानातलं यंत्र काढलं, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांची रात्र तिथे सुरू झाली, ती सकाळच्या चहापर्यंत.

माझी सुरू झाली ती कपाटातल्या हँगरांपासून. जहाज डावीकडे झुकलं की टिक्, उजवीकडे झुकलं की टिक्. मी उठून हँगरांना टॉवेल गुंडाळला. आता छताची फळी कुरकुरते आहे हे ऐकू आलं. फटीत कागद कोंबला की फळी गप्प होते, हे मला माहीत होतं. पाकिटात ऑफिसच्या बैठकांमधून जमलेली व्हिजिटिंग कार्डं होती. एक व्हाइस प्रेसिडेंट, दोन सोल्युशन आर्किटेक्ट आणि एक ‘हॅपिनेस ऑफिसर’ मी त्या फटीत एकावर एक सारले. हॅपिनेस ऑफिसरने आवाज थांबला. वरच्या मजल्यावर कोणी तरी संडास वापरला. जहाजाचे संडास हवेच्या ओढीने चालतात, त्यामुळे तो आवाज पाण्याचा नसतो, कोणी तरी खोल श्वास घेऊन दचकल्यासारखा असतो. दर वेळी मीही दचकायचो.

आणि मग पांढरा चौकोन जागा झाला.

नकाशातली कोरी जागा म्हणजे कर्मचाऱ्यांची जागा, हे जहाजावरच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. आमच्या उशीपलीकडे सर्व्हिस लिफ्ट होती आणि लिफ्टबाहेर भांड्यांच्या ट्रॉल्या. जहाजावर दिवसाला पाच वेळा जेवण असतं, म्हणजे रात्रभर धुणं असतं. ट्रॉलीच्या चार चाकांपैकी एक चाक वाकडं असतं, हा निसर्गनियम मोठ्या इस्पितळांत आणि मॉलमध्ये मी पूर्वीच पाहिला होता. उंबरठ्यावरून जाताना ती ट्रॉली धडाम् व्हायची, पाठोपाठ चमचे उसळायचे, आणि मग कोणी तरी कोणाला तरी “सॉरी, सॉरी” म्हणायचं.

माझ्याकडे महागडा हेडफोन होता. १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनच्या गुरगुरण्याने वैतागून अमर बोस यांनी आवाजाला उलट्या आवाजाने मारण्याची कल्पना कागदावर मांडायला घेतली, ही गोष्ट मी बायकोला हेडफोन घेतानाच सांगितली होती, म्हणजे किमतीबद्दल बोलायचं राहिलं होतं. मी तो चढवला. घुमणारी गुरगुर खरोखर गेली. ही विद्या सलग, जाड आवाजावर उत्तम चालते, अचानक वाजणाऱ्या गोष्टींवर तितकी नाही. आत्तापर्यंत त्या गुरगुरीने बाकी सगळं झाकून ठेवलं होतं. ती गेल्यावर चमचा आणि काटा वेगवेगळे ऐकू येऊ लागले.

बायको मात्र झोपली होती. हे मला फार लागलं. तिला ‘आवाज’ येत होता आणि आवाजाला कंटाळून झोप लागते. मला आवाज येतच नव्हता, मला कॉम्प्रेसर, शाफ्ट, व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह आणि ट्रॉलीचं डावं मागचं चाक येत होतं. एवढ्या ओळखीच्या मंडळींकडे पाठ करून झोपणं मला जमेना. मी डायनिंग हॉलमधून आणलेली लोण्याची सुरी काढली, टोक भिंतीला आणि मूठ कानामागे लावली, आणि लिफ्टची मोटार नेमकी किती वर आहे ते ऐकू लागलो. तेवढ्यात, दाराखाली उजेड दिसला म्हणून असावं, स्टुअर्डने दार ठोठावलं. मी तसाच उघडलं. कानाशी सुरी धरलेल्या माणसाला त्याने फार आदराने विचारलं, “ऑल ओके, सर?”

मी रिसेप्शनवर गेलो. तिथला मुलगा मंगळूरचा निघाला. मी बंगळूरचा म्हटल्यावर तो आनंदाने कन्नडवर आला आणि माझा धीर खचला, कारण आता कोणतं वाक्य येणार ते मला कळलं होतं. ते आलं. जहाज पूर्ण भरलेलं होतं. त्याने मला कानात घालायचे फोमचे बोळे दिले. मी त्याला कायद्याची आठवण करून दिली, कारण तोही मी वाचून आलो होतो. जहाजांवरच्या आवाजाची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २०१४ पासून बंधनकारक आहे आणि दहा हजार टनांवरच्या नव्या जहाजाच्या केबिनला तिच्यात ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मुलगा म्हणाला, “बरोबर सर, आमच्या ट्रेनिंगमध्ये होतं. पण ते नव्या जहाजांना. आणि केबिन म्हणजे आमच्या. पॅसेंजरच्या नाही.”

मी वर येऊन फोनवर साठवलेली संहिता उघडली. तो खरं बोलत होता. प्रवाशांच्या खोल्या तिच्या कक्षेबाहेर आहेत, असं सुरुवातीलाच लिहिलेलं होतं आणि मी सुरुवात सोडून कोष्टकं वाचली होती. विचार केला तर योग्यच आहे. खलाशाची झोप मोडली तर उद्या जहाज खडकावर जाईल, माझी मोडली तर मी नाश्त्याला चिडचिड करीन. शिवाय अॅप दाखवत होतं ४९. म्हणजे संहिता लागू असती तरी माझी केबिन निर्दोष सुटली असती. घरचे ५१, इथले ४९. दोन डेसिबलसाठी मी बोनस उडवला होता.

डेकवर रात्रभर चालणारं चहाचं काउंटर होतं. तिथे मला माझे लोक भेटले. एक पुण्याचे निवृत्त बँक अधिकारी, एक व्हाइटफील्डचा तरुण ज्याच्याकडे दोन अॅप होती आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नव्हती, आणि बोरिवलीच्या एक बाई, ज्यांच्याकडे अॅप नव्हतं पण ज्या आपल्या केबिनचा आवाज तोंडाने हुबेहूब काढायच्या. शेपटीकडच्या केबिनचे पुणेकर ५४ वर होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. मी म्हटलं, ५४ आणि ४९ मध्ये फरक तो काय, पाचाचा. “पाचाचा?” ते ताठ झाले. “तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते, साहेब. माझ्याकडे तुमच्या तिप्पट आवाज आहे.” यावर तरुणाने सांगितलं की कानाला दुप्पट वाटायला दहा लागतात. भांडण चांगलं रंगलं. बाईंनी मध्ये पडून ट्रॉलीचा आवाज काढून दाखवला, तो इतका बरोबर होता की मी शहारलो. माझ्या केबिनचा खरा अन्याय आकड्यात दिसत नाही, प्रत्यक्षच ऐकायला हवा, असं मी म्हटलं आणि सगळे निघाले.

आमच्या दाराबाहेरच्या बोळात मी त्यांना ढाच्यातून येणारा आवाज समजावून सांगितला. लोण्याची सुरी एकेकाच्या हातात दिली. लिफ्ट आली तशी “ऐका, ऐका!” म्हणून मी त्यांना सावध केलं, ट्रॉली धडामली तशी बाईंनी तिच्यावर ताण केली, आणि पुणेकरांनी “अहो, हे तर काहीच नाही” असं म्हणत आपल्या शाफ्टचं वर्णन सुरू केलं. तेवढ्यात मंगळूरचा मुलगा बोळाच्या टोकाशी दिसला. तो जवळजवळ धावतच आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, नॉइज कम्प्लेंट आहे.”

“बघा!” मी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. “मी एकटा नाही. कोणाची आहे?”

त्याने माझ्याच दाराकडे बोट दाखवलं. “आतून मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, बाहेर कोण तरी गोंधळ घालतंय, त्यांना हाकलून द्या.”

पुणेकरांनी शांतपणे फोन वर धरला आणि चष्मा कपाळावर सारून आकडा वाचला.

“६८,” ते म्हणाले. “जहाजावर आत्तापर्यंत सगळ्यात जास्त.”