मृग लागायच्या आत

ताईचा मेसेज टेक्सासहून आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. ‘मुलांच्या शाळा मेच्या शेवटी संपतात. दोघं थेट तुझ्याकडेच येताहेत. त्यांच्यासाठी काही ॲक्टिव्हिटीज बघून ठेव.’

मेच्या शेवटी जळगावात माणसाला एकच ॲक्टिव्हिटी असते. सकाळी अकराला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, संध्याकाळी सहाला उघडायच्या आणि शेजाऱ्याला सांगायचं, ‘आज कालच्यापेक्षा जास्त होतं भो.’ शेजारी म्हणतो, ‘उद्या याच्याहून जास्त आहे.’ एवढ्यावर आमचा मे महिना निघतो. पण हे ताईला कळवून उपयोग नव्हता. ती इथलीच, पण वीस वर्षांत विसरली.

भाचा सोळाचा, भाची चौदाची. स्टेशनवरून घरी येईपर्यंत भाच्याने तिकडच्या मित्राला कळवलं, इथे ४४ आहे. मित्राने विचारलं, जाड जॅकेट नेलंस ना? मग याने फॅरनहाइटमध्ये हिशेब करून १११ पाठवलं. त्यावर मित्राचा फोनच आला.

पहिले दोन दिवस मी गावभर फिरलो. उन्हाळी शिबिरं एकतर संपली होती, नाहीतर ‘सुंदर हस्ताक्षर’ नावाची होती. एका तरण तलावाच्या फाटकावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी होती. पाटी मात्र सुंदर हस्ताक्षरात होती. रावेरकडच्या मित्राच्या बागेत केळी दाखवायला नेलं. भाच्याने घड खांद्यावर घेऊन फोटो काढायला सांगितलं. वीसेक किलोचा ऐवज, तो गदागदा हलत होता, त्यामुळे फोटोही हलला. शेवटी जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थाने अब्रू राखली. २०१२ साली उघडलेलं हे संग्रहालय ऑडिओ गाइड ऐकत फिरायचं असतं. भाची दोन तास रमली. बाहेर येऊन म्हणाली, ‘मामा, गांधीजी आवडले.’ भाचा म्हणाला, ‘मला एसी.’ दोघांचंही खरं होतं.

मग मी धुळ्याची मोहीम काढली. पहाटे चारला निघालो. एरंडोल, पारोळा, मुकटी अंधारातच मागे पडली आणि उजाडता उजाडता आम्ही धुळ्याच्या पलीकडे लळिंगच्या पायथ्याशी पोचलो. फारुकी सुलतानांचा किल्ला, पण सुलतानांना चढायला माणसं असत. मला माझे गुडघेच होते. मुलं भराभरा वर गेली. मी वाटेत तीन ठिकाणी थांबलो आणि तिन्ही ठिकाणी ‘इथून दृश्य छान दिसतं’ असं मोठ्याने म्हणालो. वर भाचीने विचारलं, ‘आता इथे काय करायचं?’ म्हटलं, ‘ऊन वाढायच्या आत उतरायचं.’

धुळ्यात चहा-पोहे झाल्यावर मुलांना एकच गोष्ट मनापासून पटली, ती म्हणजे गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. ‘हे तर मॅनहॅटन!’ इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने इथे ठाणं केलं आणि आखीव वस्ती वसवायला घेतली, हे मी सांगायला लागलो, तेवढ्यात समोरून म्हशी आल्या आणि मॅनहॅटन दहा मिनिटं बंद राहिलं.

राजवाडे संशोधन मंडळात मोडीतले कागद पाहून भाची थबकली. ‘हा फॉन्ट कुठला?’ इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी याच गावात गेले. त्यांनी उभ्या महाराष्ट्रात भटकून अशी दप्तरं जमवली, असं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘पूर्ण उन्हाळा?’ म्हटलं, ‘पूर्ण आयुष्य.’

तुरुंग बाहेरूनच दाखवला. १९३२ साली विनोबा इथे राजकैदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेचा एक अध्याय, असे अठरा रविवार ते बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. भाच्याने बोटांवर मोजलं. ‘म्हणजे आठवड्याला एक एपिसोड. अठरा एपिसोड. आणि एसी?’ एसी नव्हता. फेब्रुवारी ते जून म्हणजे धुळ्याचा अख्खा उन्हाळा. त्याने भिंतीकडे जरा वेळ आदराने पाहिलं. हा आदर गीतेसाठी नव्हता हे मला कळलं, पण मी त्यात मोडता घातला नाही.

परतीला पारोळ्याच्या अलीकडे गाडीच्या एसीने मान टाकली. दुपारचे साडेबारा. काचा लावाव्यात तर भाजतोय, उघडाव्यात तर कुणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं. एका निंबाखालच्या रसवंतीवर आम्ही चार-चार ग्लास रस प्यालो. रसवंतीवाल्याने मुलांकडे पाहून विचारलं, ‘पाव्हणं कथाइन उनात?’ मी टेक्सास सांगितलं. त्याने विचारलं, ‘तठे ऊन ऱ्हास का?’ असतं म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मंग हाई कसाले उनात?’ हाच प्रश्न मला चार दिवस पडला होता. पुढे एरंडोलला बकासुराची गोष्ट सांगितली. गाडाभर अन्न भीमानेच खाल्लं इथवर आल्यावर भाचा म्हणाला, ‘फूड चॅलेंज!’ पद्मालयाला एक डाव्या आणि एक उजव्या सोंडेचा, असे दोन गणपती आहेत, ते पुढच्या खेपेला ठेवले.

रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या. मुलं आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर झोपली. मी उद्याच्या ॲक्टिव्हिटीचा विचार करत पडलो आणि पाचला भांड्यांच्या आवाजाने जागा झालो.

आईच्या कुरडया होत्या. तीन दिवस पाणी बदलत भिजवलेला गहू, त्याचा वाटून काढलेला चीक मोठ्या पातेल्यात रटरटत होता. गल्लीतल्या पाच-सहा बायका आपापले सोऱ्ये घेऊन हजर. चीक गरम असतानाच दाबावा लागतो, निवला की सोऱ्या फिरत नाही, आणि दाबणारीचे दंड भरून येतात. आईने भाच्याच्या हातात सोऱ्या दिला. तिकडे तो कुस्तीच्या टीममध्ये आहे. पहिली कुरडई गोगलगाईसारखी आली, दुसरी नकाशासारखी, दहावीपासून गोल. तासाभरात खाट भरली. बायका आपले सोऱ्ये बाजूला ठेवून नुसत्या बघत राहिल्या. भाची काठी आणि छत्री घेऊन कावळ्यांवर बसली. मधूनमधून साखर घातलेल्या गरम चिकाची वाटी तिच्यापर्यंत जात होती.

दुपारपर्यंत भाच्याचं बुकिंग सुरू झालं. समोरच्या काकूंकडे उद्या, कोपऱ्यावरच्या वहिनींकडे परवा, दोन घरं मिळून शुक्रवार. मला कुणी विचारलंच नाही. शुक्रवारी त्याने मला मनगट दाखवलं आणि म्हणाला, ‘मामा, कोच खूश होणार.’ ताईला फोटो पाठवला. तिचा उलट मेसेज आला, ‘मलाही लहानपणी बसवायचे.’ पुढे रडकी बाहुली होती की हसरी, चष्म्याशिवाय दिसली नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे परदेशातून पोरं येणार असतील, त्यांना एवढीच विनंती. सात जूनच्या आत आणा. मृग लागला, आभाळ आलं, की कुरडया बंद.