पीडीकर

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी मराठी माणसाची एक पोटजात नांदते. तिला आपण पीडीकर म्हणू. पीडी म्हणजे प्रायॉरिटी डेट, ग्रीन कार्डाच्या रांगेत आपला नंबर लागला ती तारीख. ओक ट्री रोडवर कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना दोन अनोळखी पीडीकर भेटले, तर पुण्याचे की नागपूरचे हे फार नंतर निघतं. आधी अर्जाचा वर्ग निघतो, ‘‘ईबी-टू की थ्री?’’ ‘‘टू. फेब्रुवारी पंधरा.’’ ‘‘अरेरे! माझी ऑगस्ट बारा.’’ एवढ्यावर बारावाला, म्हणजे २०१२चा, वडीलधारा ठरतो आणि पंधरावाला वयानं मोठा असला तरी त्याला अहोजाहो करू लागतो.

आपला नमुना हा पंधरावाला. एरवी शांत माणूस. पण महिना निम्म्यावर आला की याचं जेवणात लक्ष राहत नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरमहा व्हिसा बुलेटिन काढतं आणि कोणाच्या तारखेपर्यंत रांग आली ते त्यात छापतं. कधी ती आठवडाभर पुढे जाते, कधी जागची हलत नाही आणि कधी चक्क वक्री होते. शनीसुद्धा ठरल्या वेळी मार्गी होतो. ईबी-टू इंडियाचं तसं काही नाही.

रांगेत शिरण्यापूर्वीची गंमत वेगळीच. या पदासाठी लायक अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. त्यासाठी पीडीकर ज्या खुर्चीवर बसून काम करत होता, त्याच खुर्चीची जाहिरात दोन रविवारी वर्तमानपत्रात आली. दुसऱ्या कुणाला लागू पडू नये इतकी तिच्यातली पात्रता त्याच्याशी जुळत होती. वाचून त्यालाही क्षणभर वाटलं, नोकरी बरी दिसतेय, अर्ज टाकावा.

नोकरीच्या वाटेनं वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, त्यातच बायकामुलंही धरलेली. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली साधारण सात टक्के. भारताला सात, आइसलँडलाही सात. दुसऱ्यांची उरली तर ती मिळतात, पण ती किती उरतील हे वर्ष सरत आल्याशिवाय कळत नाही. पीडीकराच्या शेजारच्या टेबलावरचा बल्गेरियन याच्यानंतर आला, कार्ड घेतलं, नागरिकही झाला. हल्ली तो ज्युरी ड्यूटीला बोलावतात म्हणून कुरकुरत असतो. पीडीकर सहानुभूतीनं मान डोलावतो आणि घरी येऊन बराच वेळ गॅलरीत उभा राहतो.

नशिबानं त्याला दोनदा हूल दिली. २०२०च्या ऑक्टोबरात ईबी-थ्रीची अर्ज भरायची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ला येऊन ठेपली. एमएस झालेली माणसं ईबी-टूतून खालच्या वर्गात उतरायला हौसेनं धावली. हा महिनाभरानं हुकला. २०२२च्या सप्टेंबरात ईबी-टू १ डिसेंबर २०१४ला पोचली. यानं सुटाची मापं दिली, मेडिकलसाठी डॉक्टर बघून ठेवला. ऑक्टोबरात तारीख एप्रिल २०१२ला परतली. सूट शिवून झाला होता. तो आता गणपतीत घालतो.

चौकशी करायची तर इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर एम्मा असते. ही माणूस नव्हे, यंत्र. एम्मा लाझारस या कवयित्रीवरून तिचं नाव ठेवलंय. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात जिची कविता कोरून लावली आहे, तीच ही. एम्माला काहीही विचारा, ती माहितीची पानं पुढे करते. भारतातून आईवडील आले की पीडीकर त्यांना जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कात नेतो. तिथून देवीची पाठ दिसते. आई म्हणते, ‘‘अरे, तोंड तिकडं का हिचं?’’ पीडीकराला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही.

साहेबानं बढती देऊ केली, तेव्हा हा घाबरला. काम बदललं तर कागद पहिल्यापासून करायचे की काय? वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, ‘‘इट डिपेंड्स.’’ या दोन शब्दांचं बिल आलं. बढती राहिली.

निराश दिवशी तो २००७ची कथा सांगतो. त्या जुलैसाठी बहुतेक सगळ्या तारखा खुल्या झाल्याचं बुलेटिन निघालं, लोकांनी मेडिकल उरकली, सुट्ट्या रद्द केल्या आणि २ जुलैला सरकारनं शब्द फिरवला. तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ ताजा होता. भारतीयांनी गांधीगिरी करत इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकड्यांनी पुष्पगुच्छ पाठवले. संचालकांनी ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवले, आणि १७ जुलैला सरकार नमलं. ‘‘तिथं गेलेली वस्तू इतक्या चटकन पुढे गेल्याचं हे एकच उदाहरण,’’ पीडीकर सांगतो.

त्याची खरी जखम मात्र कौटुंबिक आहे. रांग पासपोर्टवर नाही, जन्मस्थळावर ठरते, आणि नवराबायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असला तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत जाता येतं. त्याचे सासरे ऐंशीच्या दशकात मस्कतला नोकरीला होते. सासूबाईही तिथंच. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं म्हणून सातव्या महिन्यात त्या विमानानं इचलकरंजीला आल्या. दोन महिने मस्कतलाच थांबल्या असत्या, तर आज जावई ओमानच्या रांगेत, म्हणजे जवळपास बिनरांगेचा असता. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी जन्मवेळ मिनिटापर्यंत तपासली, जन्मस्थळाकडे कुणी पाहिलं नाही. सासूबाई अजूनही डिंकाचे लाडू पाठवतात. बाळंतपणाचा विषय निघाला की जावईबापू गप्प का होतात, हे त्यांना कळत नाही.

अलीकडे त्याला एक नवीन वाट दिसली आहे. मुलगा २०१६ साली एडिसनलाच जन्मला, म्हणजे जन्मानं नागरिक. तो एकवीस वर्षांचा झाला की आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो, आणि त्या अर्जाला ना देशाचा कोटा, ना रांग. पीडीकरानं एक्सेल उघडलं. बुलेटिनच्या हिशेबानं कार्ड २०३९ला, मुलाच्या हिशेबानं २०३७ला. मुलगा दोन वर्षांनी पुढे.

तेव्हापासून घरातला सूर बदलला आहे. परवा चिरंजीव टीव्हीसमोर लोळत म्हणाले, ‘‘बाबा, होमवर्क नंतर करतो.’’ पूर्वी यावर रिमोट जप्त झाला असता. पीडीकर अदबीनं म्हणाला, ‘‘सवडीनं करा हं. फक्त माझ्या नावाचं स्पेलिंग तेवढं न चुकता लिहायला शिका. पुढे फॉर्मवर लागेल.’’