मांडीवरचा प्रवासी

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर फुकट, हा अमेरिकेतल्या विमान कंपन्यांचा नियम खास मराठी माणसासाठीच केला असावा. चिरंजीवांचा दुसरा वाढदिवस जवळ येऊ लागला, तसा हा हक्क वाया चालल्याच्या विचाराने मला झोप लागेना. मेअखेरीस मेमोरियल डेचा सोमवार शनिवार-रविवारला जोडून येतो, आणि नूअर्कहून चार तासांवर प्वेर्तो रिको आहे. १८९८ साली स्पेनने हे कॅरिबियन बेट अमेरिकेच्या हवाली केलं, ते एच-वन-बीवाल्यांच्या फार पथ्यावर पडलं. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असला तरी चालतं, कारण प्रवास देशातल्या देशातच. पुण्याहून आलेली आईही निघाली. "फुकट आहे ना? मग घे मांडीवर," म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

सान हुआनला चाकं टेकली आणि विमानभर टाळ्या पडल्या. तिथल्या लोकांची ती रीतच आहे. टाळ्या आपल्यासाठीच आहेत याविषयी चिरंजीवांना शंका नव्हती. चार तास पुढच्या गृहस्थांच्या टकलावर तबला वाजवल्यावर तेवढी दाद अपेक्षितच होती.

जुन्या शहरातल्या रस्त्यांना लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या निळसर विटा आहेत. फोटोत फार देखण्या येतात. बाबागाडी त्यांच्यावरून निघाली की आतून 'आ-आ-आ-आ' असा थरथरता सूर लागायचा, थांबली की भोकाड. त्यामुळे एकच गल्ली आम्ही इतक्या वेळा पाहिली की दुकानदार ओळख दाखवू लागले.

एल मोरो किल्ला १५३९ मध्ये बांधायला घेतला. १५९५ मध्ये फ्रान्सिस ड्रेक चालून आला, पण त्याला आत शिरता आलं नाही. आम्हालाही नाही. त्याच्या वाटेत तोफा होत्या, आमच्या वाटेत पतंग. किल्ल्यासमोरच्या हिरवळीवर अख्खं सान हुआन पतंग उडवतं. "संक्रांत होऊन चार महिने झाले की!" आई म्हणाली. चिरंजीव मात्र माझ्या खांद्यावर बसून आकाशाकडे बोट दाखवत राहिले आणि किल्ल्याकडे न्यायला लागलं की माझे केस ओढत राहिले.

जेवायला मोफोंगो मागवला. भाजीची हिरवी केळी तळायची आणि लाकडी खलात लसणीबरोबर कुटायची. एरवी त्यात डुकराच्या चामडीची कुरकुरीत तळणही घालतात. आईसाठी ती वगळायला सांगितली. "लसूण बेताची आहे, मिरची विसरले," असा निकाल देऊन आईने पर्समधून मेतकूट-भाताचा डबा काढला. चिरंजीवांनी तोच खाल्ला. मोफोंगो माझ्या वाट्याला आला.

समुद्रावर तर कमालच झाली. पाणी निळंशार, वाळू मऊ, बादली-फावडं नवंकोरं. आणि चिरंजीव वाळूला पाय लावायला तयार नाहीत. खाली सोडायला गेलं की दोन्ही पाय पोटाशी घ्यायचे. अखेर मी वाळूत बसलो आणि ते माझ्या मांडीवर.

रात्री कोकी ओरडू लागले. हा बेडूक जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, पण जवळून ऐकला तर ९० डेसिबलपर्यंत जातो. 'को' हा इतर नरांना दम आणि 'की' हे माद्यांना आमंत्रण. चिरंजीवांना दोन्ही पटलं. बाहेरून 'कोकी' आलं की आतून 'कोकी'. पहाटे बेडूक थकले. चिरंजीव थकले नाहीत.

निघताना विमानतळावर बायकोने पाटी वाचली: मुख्य भूमीवर जाणाऱ्या सामानाची शेतीखात्याकडून तपासणी, ताजे आंबे न्यायला मनाई. आईच्या पिशवीत रस्त्यावर घेतलेले आंबे होते. फेकून देणं हा पर्याय आमच्या घराण्यात नाही. आईने बाकावर रुमाल पसरला आणि आंबे संपवले. एक बाठा चिरंजीवांना मिळाला. तो त्यांनी माझ्या मांडीवर बसून, माझ्या शर्टाला पुसत चोखला.

"फळं आहेत का?" तपासनिसाने विचारलं.

"नाहीत," मी म्हणालो.

"आहेत," आई मराठीत पुटपुटली, "पण आता तुझ्या मशीनला सापडायची नाहीत."